घोड्याच्या रेताची गतिमानता मोजणारी यंत्रे : कोणत्या आकड्यावर किती विसंबावे?

घोडीचा एक माज हुकला म्हणजे केवळ एकवीस दिवस वाया गेले, एवढ्यावर हिशेब संपत नाही. घोडी वर्षभर सारख्या नेमाने माजावर येत नाही; दिवस मोठे होत जातात त्या हंगामातच तिचे माजचक्र नीट चालते. गर्भकाल सुमारे अकरा महिन्यांचा असतो. हंगामातील दोन-तीन माज व्यर्थ गेले की ते वर्ष शिंगराविना जाते, आणि दाणा, चारा, नालबंदी व औषधपाणी यांचा खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून घोडीस जे रेत द्यावयाचे ते सकस आहे की नाही, याची परीक्षा आधीच करून घेणे हे मालकाच्या हिताचे असते.

ही परीक्षा पूर्वी केवळ सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून होत असे. आता तिच्यासाठी स्वयंचलित यंत्रे उपलब्ध आहेत. रेताचा थेंब यंत्रात ठेवावा, कळ दाबावी, आणि शुक्रजंतूंपैकी इतके टक्के हालते व इतके टक्के सरळ पुढे जाणारे, असा आकडा पडद्यावर उमटावा, इतके हे काम सोपे झाले आहे. परंतु एकाच घोड्याचे एकाच वेळचे रेत दोन यंत्रांत घातले तर दोन निराळे आकडे मिळतात, हाही अनुभव तितकाच सार्वत्रिक आहे. मग खरा आकडा कोणता? कोणते यंत्र घ्यावे? दाखल्यावरील टक्केवारी कशी वाचावी? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आजच का?

आपल्या देशातील घोड्यांची व तट्टांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत ती सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. मारवाडी, काठियावाडी, झांस्कारी, स्पिती, मणिपुरी अशा आपल्या नामांकित जाती आहेत. दख्खनच्या पठारावरील भीमथडी घोड्यासही अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आहे. जातिवंत नर थोडे आणि घोड्या दूरदूर विखुरलेल्या, अशा स्थितीत कृत्रिम रेतन हे जातीच्या रक्षणाचे एक महत्त्वाचे साधन ठरते. हिसार येथे १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने व त्याच्या बिकानेर येथील शाखेने या दिशेने काम केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानाची व्याप्ती वाढवून घोडा, गाढव व उंट यांचाही त्यात समावेश केला, आणि त्यांची रेतकेंद्रे व पैदास केंद्रे उभारण्यासाठी साहाय्याची तरतूद केली. अशी केंद्रे निघू लागली की गतिमानता मोजणारी यंत्रेही खरेदी होणार, आणि त्यांच्या आकड्यांवर रेताची किंमत ठरणार. तेव्हा या आकड्यांचा अर्थ आधीच समजून घेणे इष्ट होय.

येथे एक सूचना देणे अगत्याचे आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशनोंदणीत केवळ नैसर्गिक फळवणीची प्रजाच स्वीकारली जाते. कृत्रिम रेतनाने झालेले थरोब्रेड शिंगरू नोंदले जात नाही. पुढील विवेचन इतर जातींसाठी आहे.

गतिमानता म्हणजे काय?

शुक्रजंतू प्रथम १६७७ साली हॉलंडमध्ये लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाहिले. घोड्याचा शुक्रजंतू शेपटीसह सुमारे ६० मायक्रॉन लांब असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या नमुन्यातील शुक्रजंतू एका सेकंदात आपल्या लांबीहून अधिक अंतर कापतो.

रेताच्या परीक्षेत दोन आकडे पाहिले जातात. पहिला एकूण गतिमानतेचा, म्हणजे शंभरांपैकी किती शुक्रजंतू कोणत्याही प्रकारे हालत आहेत याचा. दुसरा अग्रगामी गतिमानतेचा, म्हणजे त्यांपैकी किती जागच्या जागी न वळवळता पुढे मार्ग आक्रमीत आहेत याचा. रेताची मात्रा ठरविताना दुसऱ्या आकड्याचा उपयोग होतो, म्हणून त्यातील चूक अधिक महागात पडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, चिकट भाग गाळून काढल्यावर घोड्याचे ६० मिलिलिटर रेत हाती आले, आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये २० कोटी शुक्रजंतू आहेत. एकूण शुक्रजंतू १,२०० कोटी झाले. थंड करून दूर पाठवावयाच्या रेताच्या प्रत्येक मात्रेत, भरतेवेळी, अग्रगामी शुक्रजंतू १०० कोटी असावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. एका यंत्राने अग्रगामी गतिमानता ७५ टक्के दाखविली तर ९०० कोटी उपयोगी शुक्रजंतू, म्हणजे नऊ मात्रा होतात. दुसऱ्याने ५० टक्के दाखविली तर ६०० कोटी, म्हणजे सहाच मात्रा होतात. आता खरी गतिमानता ५० टक्के असून पहिल्या यंत्राच्या भरवशावर नऊ मात्रा केल्या, तर प्रत्येकीत १०० कोटींऐवजी सुमारे ६७ कोटीच अग्रगामी शुक्रजंतू जातील. उलटपक्षी, खरी गतिमानता ७५ टक्के असून सहाच मात्रा केल्या, तर तीन घोड्यांना पुरणारे रेत वाया जाईल. यंत्राच्या आकड्यामागे असा रोकडा व्यवहार असतो.

डोळ्याची परीक्षा

अनुभवी पशुवैद्य गरम पटलावरील काचपट्टीवर थेंब ठेवून, वर आच्छादन-काच घालून, अनेक ठिकाणी पाहतो आणि अंदाज सांगतो. ही पद्धत स्वस्त आहे, खेड्यातील दवाखान्यातही शक्य आहे, आणि तिच्यात एक मोठा गुण आहे. मळ, दुधाचे कण, पेशींचे पुंजके व शुक्रजंतू यांतील भेद सरावलेला डोळा सहज ओळखतो.

तिचे दोषही स्पष्ट आहेत. वेगाने पळणाऱ्या शुक्रजंतूंकडे डोळा प्रथम वळतो आणि स्तब्ध असलेले नजरेतून सुटतात, त्यामुळे अंदाज वरचा येण्याकडे कल असतो. दाट नमुना पाहताना हा भ्रम अधिक होतो. दोन परीक्षकांचे अंदाज जुळत नाहीत. एकाच परीक्षकाचे सकाळचे व सायंकाळचे अंदाजही जुळतीलच असे नाही. शिवाय घोडा कोणाचा हे ठाऊक असले म्हणजे नामांकित घोड्यास नकळत पाच-दहा टक्के अधिक दिले जातात. या व्यक्तिसापेक्षतेतून सुटका व्हावी म्हणूनच यंत्रांची निर्मिती झाली.

यंत्रांचे तीन प्रकार

बाजारातील यंत्रांची नावे अनेक असली तरी त्यांच्या कार्याचे तत्त्व पाहता त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग संगणकीय चित्रविश्लेषकांचा. यात सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसविलेला असतो. तो सेकंदास २५, ३०, ६० किंवा त्याहून अधिक चित्रे घेतो. लागोपाठच्या चित्रांत प्रत्येक शुक्रजंतूचे डोके कोठे सरकले हे संगणक शोधतो, ते बिंदू जोडून त्याचा मार्ग रेखाटतो, आणि त्या मार्गावरून वेग व सरळपणा काढतो. अशी यंत्रे १९८० नंतरच्या दशकात बाजारात आली. अमेरिकेतील हॅमिल्टन थॉर्न, जर्मनीतील मिनिट्यूब, स्पेनमधील मायक्रॉप्टिक व प्रोइसर या कंपन्यांची यंत्रे रेतकेंद्रांत वापरली जातात. ही यंत्रे सर्वांत सविस्तर माहिती देतात. पण त्यांची किंमत मोठी, त्यांना स्थिर जागा, अखंड वीज व शिकविलेला मनुष्य लागतो.

दुसरा वर्ग प्रकाशमापक यंत्रांचा. इस्रायलमधील मेडिकल इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स या कंपनीचे एस्‌क्यूए हे यंत्र या वर्गातील असून घोड्यासाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आहे. यात रेत बारीक नळीत घेऊन तिच्यातून प्रकाश सोडतात. शुक्रजंतूंच्या हालचालीने प्रकाशात जे चढउतार होतात, त्यांचे विद्युत्संकेतांत रूपांतर होऊन यंत्र गतिमानतेचा आकडा काढते. किती प्रकाश अडला यावरून घनता काढते. हे यंत्र एकेका शुक्रजंतूचा माग काढीत नाही. साऱ्या समूहाच्या हालचालीवरून गणिताने निष्कर्ष काढते. काम जलद होते व परीक्षकाच्या कौशल्यावर फारसे अवलंबून राहत नाही. मात्र दुधाचे अथवा अंड्यातील बलकाचे द्रावण स्वतःच गढूळ असल्याने प्रकाश अडविते. म्हणून कोणत्या द्रावणासाठी यंत्र सिद्ध केले आहे हे पाहूनच ते वापरावे लागते.

तिसरा वर्ग हातात मावणाऱ्या चित्रविश्लेषकांचा. तैवानमध्ये तयार झालेले आयस्पर्म हे उपकरण टॅब्लेटच्या कॅमेऱ्यास जोडतात. रेताचा थेंब एकदाच वापरावयाच्या लहान चकतीत घेतला की टॅब्लेटमधील कार्यक्रम त्याचे चित्रण करून आकडे देतो. पहिल्या वर्गातील मोठ्या यंत्राचेच हे लहान भावंड म्हणावे. घोड्याच्या रेतावर याची मोठ्या यंत्रांशी तुलना करणारे अभ्यास अमेरिकेत झाले आहेत. तबेल्यात, शेतावर, घोडीच्या शेजारी उभे राहून रेत तपासता येणे हा याचा खरा लाभ. भिंग व कॅमेरा यांची शक्ती मर्यादित असल्याने नमुना योग्य तितका पातळ करून घेणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

यांशिवाय डेन्मार्कमधील न्यूक्लिओकाउंटर यासारखी उपकरणे आहेत. परंतु ती शुक्रजंतूंच्या केंद्रकास रंग देऊन संख्या मोजतात, गती मोजीत नाहीत. संख्या अचूक मिळाली तरच मात्रा अचूक होते, म्हणून ती गतिमापकाच्या जोडीला उपयोगी पडतात. एकाचे काम दुसऱ्याकडून होईल अशी अपेक्षा मात्र करू नये.

घोड्याच्या रेताच्या खास अडचणी

बैलाच्या रेतासाठी बसविलेले यंत्र तसेच उचलून घोड्याच्या रेतासाठी वापरू नये. यास तीन कारणे आहेत.

पहिले कारण शुक्रजंतूच्या घडणीत आहे. घोड्याच्या पुष्कळ शुक्रजंतूंत शेपटी डोक्याच्या नेमक्या मध्यावर न जुळता थोडी बाजूला जुळलेली असते. घोड्याच्या बाबतीत हे व्यंग मानीत नाहीत. परंतु त्यामुळे असे शुक्रजंतू मोठ्या वर्तुळाकार वळणाने पोहतात. सरळ जाणाऱ्यासच अग्रगामी म्हणणारे यंत्र अशा धडधाकट शुक्रजंतूंना बाद ठरविते, तर थोडी ढील देणारे यंत्र त्यांना उत्तीर्ण करते. दोघांच्या आकड्यांत मोठे अंतर पडण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

दुसरे कारण द्रावणाचे. घोड्याचे रेत बहुधा स्निग्धांश काढलेले दूध व ग्लुकोज यांच्या द्रावणात मिसळतात. दुधातील बारीक कण आकाराने शुक्रजंतूच्या डोक्याजवळ आले की यंत्र त्यांनाच स्तब्ध, म्हणजे मृत शुक्रजंतू समजते, आणि गतिमानता नाहक कमी दाखविते. यावर दोन उपाय आहेत. शुद्ध दुग्धप्रथिनाचे स्वच्छ द्रावण वापरणे हा एक; आणि केवळ केंद्रकास चिकटणारा चमकदार रंग घालून निव्वळ शुक्रजंतूच यंत्रास दिसतील असे करणे हा दुसरा. दुसरी सोय असलेली मोठी यंत्रे मिळतात.

तिसरे कारण काचेचे. द्रावणात प्रथिने नसतील तर घोड्याच्या शुक्रजंतूंची डोकी काचेस चिकटतात. शेपटी वळवळत राहते, पण शुक्रजंतू जागचा हालत नाही. अशा वेळी दोष रेताचा नसून मोजणीच्या पद्धतीचा असतो.

एकाच रेताचे दोन आकडे का येतात?

यंत्र स्वतः न्यायाधीश नाही. कोणाला अग्रगामी म्हणावे याचा नियम मनुष्याने ठरवून त्यात घातलेला असतो. काही प्रयोगशाळा सेकंदास ५० मायक्रॉनहून अधिक सरासरी वेग व ७५ टक्क्यांहून अधिक सरळपणा असणाऱ्यासच अग्रगामी मानतात. काही ३० मायक्रॉन व ५० टक्के एवढ्यावर समाधान मानतात. परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागावेत की ५०, यावर उत्तीर्णांची संख्या बदलते, विद्यार्थी तेच राहतात, तशातलाच हा प्रकार आहे. म्हणून मर्यादा न लिहिता दिलेली टक्केवारी ही माप न लिहिता सांगितलेल्या धान्यासारखी असते.

चित्रांच्या गतीनेही फरक पडतो. शुक्रजंतू नागमोडी पोहतो. सेकंदास थोडीच चित्रे घेतली तर मधली वळणे गळून जातात, मार्ग प्रत्यक्षापेक्षा आखूड दिसतो आणि वक्रमार्गावरील वेग कमी येतो.

नमुना ज्या काचकोठीत ठेवतात तिची खोली हेही एक कारण आहे. २० मायक्रॉन खोलीच्या तयार काचपट्ट्या पुष्कळ ठिकाणी वापरतात. मॅक्लर कोठीची खोली १० मायक्रॉन असते. साध्या काचपट्टीवर आच्छादन-काच ठेवली तर खोली थेंबाच्या आकाराप्रमाणे बदलते. शुक्रजंतूस वळावयास जागा किती यावर त्याची चाल अवलंबून असते. शिवाय थेंब नुकताच भरला असता द्रव वाहत असतो आणि मृत शुक्रजंतूही त्याबरोबर वाहतात. वाहणे थांबण्यापूर्वीच मोजणी केली तर मेलेलाही हालता ठरतो.

तपमान हे सर्वांत साधे, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षिले जाणारे कारण होय. काचपट्टी थंड असेल तर उत्तम रेतही निस्तेज दिसते. मोजणी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच व्हावयास हवी.

शेवटचे कारण संख्येचे. समजा, केवळ १०० शुक्रजंतू मोजले आणि त्यांतील ५० हालते आढळले. संभवशास्त्राच्या नियमाप्रमाणे खरा आकडा ४० ते ६० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. ४०० मोजले तर हीच व्याप्ती ४५ ते ५५ पर्यंत आकसते. म्हणजे यंत्र निर्दोष असूनही थोडेच शुक्रजंतू मोजल्यास आकडा डळमळीत राहतो. निरनिराळ्या ठिकाणची चित्रे घेऊन निदान काही शेकडा शुक्रजंतू मोजल्याशिवाय निर्णय करू नये.

दोन यंत्रांची तुलना कशी करावी?

नवे यंत्र विकणारा सामान्यतः एक तक्ता दाखवितो व म्हणतो, "आमच्या यंत्राचे आकडे मोठ्या यंत्राच्या आकड्यांबरोबर चढतात व उतरतात, सबब दोन्ही सारखीच." हा युक्तिवाद फसवा आहे. दुकानातील दोन तराजूंपैकी एक प्रत्येक वेळी दहावा हिस्सा जास्त वजन दाखवीत असेल, तरी दोन्ही तराजू बरोबरच चढतील व उतरतील. ग्राहक मात्र लुबाडला जाईल. बरोबर चढणे-उतरणे वेगळे आणि सारखे मोजणे वेगळे. इंग्लंडमधील ब्लँड व ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली हा भेद वैद्यकीय मोजमापांच्या संदर्भात स्पष्ट करून दाखविला, आणि तुलनेची एक सोपी रीतही सांगितली. ती अशी की, प्रत्येक नमुन्यावर दोन यंत्रांच्या आकड्यांतील फरक काढावा, त्या फरकांची सरासरी पाहावी, आणि एकेक फरक त्या सरासरीभोवती किती विखुरला आहे तेही पाहावे.

समजा, पाच नमुन्यांवर एका विश्वसनीय यंत्राने ८०, ७०, ६०, ५० व ४० टक्के असे आकडे दिले. दुसऱ्या यंत्राने ७०, ६०, ५०, ४० व ३० दिले. हे यंत्र प्रत्येक वेळी १० ने कमी दाखविते. त्याचा दोष एकसारखा असल्याने १० मिळवून तो दुरुस्त करता येतो. तिसऱ्या यंत्राने ७०, ८०, ६०, ४० व ५० दिले. याच्या फरकांची सरासरी शून्य येते, आणि वरवर पाहता हे यंत्र दुसऱ्यापेक्षा चांगले वाटते. परंतु ते कधी १० ने वर तर कधी १० ने खाली जाते, आणि पुढच्या वेळी कोणत्या बाजूस जाईल हे सांगता येत नाही. शेतकऱ्याची घोडी सरासरीने गाभण राहत नसते. तिला दिलेली ती एक मात्राच चांगली असावी लागते. म्हणून दुसरे यंत्र पत्करावे, तिसरे पत्करू नये.

रेतकेंद्राने यंत्र खरेदी करण्यापूर्वी पुढील रीतीने चाचणी घ्यावी.

१. एकाच वेळचे रेत, एकाच द्रावणात, एकाच प्रमाणात पातळ करून, एकाच तपमानास, शक्य तितक्या एकाच वेळी दोन्ही यंत्रांत तपासावे.

२. प्रत्येक यंत्रात तोच नमुना दोन किंवा तीन वेळा मोजावा. जे यंत्र स्वतःशीच जुळत नाही ते दुसऱ्याशी जुळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

३. केवळ चांगलेच रेत घेऊ नये. उत्तम, मध्यम व निकृष्ट असे सर्व प्रकारचे नमुने, निरनिराळ्या घोड्यांचे, पुरेशा संख्येने घ्यावेत. ताजे, थंड केलेले व गोठविलेले रेत यांची तुलना स्वतंत्रपणे करावी.

४. रेताचा काही भाग संरक्षक द्रव्याविना गोठवून व वितळवून त्यातील शुक्रजंतू मारावेत. मग जिवंत व मृत भाग ठरीव प्रमाणात मिसळून नमुने करावेत. जिवंत भाग पूर्ण, पाऊण, निम्मा, पाव व शून्य याप्रमाणे उतरत गेला असता यंत्राचा आकडाही त्याच प्रमाणात उतरला पाहिजे. केवळ मृत शुक्रजंतूंच्या नमुन्यात यंत्राने हालचाल दाखविली, तर ते कण किंवा वाहता द्रव मोजीत आहे असे समजावे.

५. एका यंत्रावर काम करणाऱ्यास दुसऱ्याचे आकडे आधी सांगू नयेत.

६. चित्रविश्लेषक असल्यास त्याने रेखाटलेले मार्ग पडद्यावर पुन्हा पाहावेत. यंत्राने कोणाला शुक्रजंतू मानले व कोणाला सोडले, हे डोळ्यांनी पडताळता येणे हा या वर्गातील यंत्रांचा मोठा गुण आहे. त्याचा उपयोग न करणे म्हणजे दिवा असून अंधारात चाचपडणे होय.

गोठविलेल्या रेताच्या बाबतीत ही तुलना अधिक काटेकोर हवी. वितळविल्यावर निदान ३० ते ३५ टक्के अग्रगामी गतिमानता असावी ही सामान्य अट आहे. खरा आकडा या सीमेजवळ असला म्हणजे यंत्राच्या पाच टक्क्यांच्या फरकाने सबंध साठा बाद होतो किंवा नको तो साठा विक्रीस जातो.

कोणास कोणते साधन?

रेतकेंद्रास, जेथून अनेक जिल्ह्यांत मात्रा जावयाच्या आहेत, तेथे मोठे संगणकीय यंत्र व जोडीला संख्या मोजणारे उपकरण असावे. चार-सहा पैदाशीचे घोडे बाळगणाऱ्या पागेस हातातील उपकरण किंवा प्रकाशमापक यंत्र पुरेसे होईल. मात्र त्याचे आकडे वेळोवेळी केंद्राच्या यंत्राशी ताडून पाहावेत. खेड्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यास चांगला सूक्ष्मदर्शक, गरम पटल, ३७ अंशांचे पाणी व विश्वासू तपमापक एवढे असले तरी मोठे काम होते. बाहेरून आलेले रेत जिवंत आहे की वाटेत मेले, हे ओळखण्यास तेवढे पुरते.

ग्रामसेवक व पशुपालक यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

थंड केलेले रेत आले असता पेटी उघडताच थेंब काचेवर घेऊन निकाल देऊ नये. थोडासा नमुना वेगळा काढून तो ३७ अंशांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावा, मग पाहावा. उरलेले सर्व रेत मात्र तपासणीसाठी गरम करू नये. गोठविलेली अर्धा मिलिलिटरची रेतकांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून वितळवावी व लगेच उपयोगात आणावी.

रेत विकत घेताना दाखल्यावर पुढील नोंदी मागून घ्याव्यात : रेत काढल्याची तारीख व वेळ, मात्रेतील एकूण शुक्रजंतूंची संख्या, एकूण व अग्रगामी गतिमानता, ती कोणत्या यंत्राने मोजली, आणि त्या यंत्रात अग्रगामी गतीची कोणती मर्यादा घातली होती. घोडा ग्लँडर्ससारख्या रोगांपासून मुक्त असल्याचा दाखलाही पाहावा. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना त्याचे दात, खूर व चाल आपण बारकाईने पाहतो. रेत घेतानाही तितकीच चौकसबुद्धी दाखविण्यास हरकत नाही.

दोन दाखल्यांतील टक्केवारी निराळी दिसली की कोणी तरी लबाडी केली, असा निष्कर्ष घाईने काढू नये. घोड्याचा मालक व घोडीचा मालक यांच्यात अशा आकड्यांवरून वाद होतात. त्या वेळी प्रथम यंत्र, मर्यादा, द्रावण व तपमान ही चार कलमे ताडून पाहावीत. पुष्कळसे वाद तेथेच मिटतात. एका घोड्याच्या रेताचा हंगामभराचा हिशेब ठेवावयाचा असेल तर तो एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने ठेवावा. आकडा थोडा कमी-अधिक असला तरी त्यातील चढउतार खरे असतील, आणि रेताची प्रत खालावू लागली की ते लवकर ध्यानी येईल.

अखेरीस हेही सांगितले पाहिजे की, गतिमानता म्हणजे फलनशक्ती नव्हे. शुक्रजंतू हालत नसेल तर तो बीजापर्यंत पोहोचणार नाही हे खरे. पण हालणारा प्रत्येक शुक्रजंतू फलन करीलच असे नाही. त्याची घडण, त्याचे आवरण व त्यातील आनुवंशिक द्रव्य शाबूत हवे. घोडीचे गर्भाशय निरोगी हवे आणि रेतनाची वेळ साधली पाहिजे. गोठविलेले रेत बीजविमोचनापूर्वी बारा तासांच्या आत किंवा त्यानंतर सहा तासांच्या आत द्यावयाचे असते. ही वेळ चुकली तर उत्तम यंत्राने उत्तम ठरविलेले रेतही निष्फळ जाते.

सबब यंत्राचा उपयोग अवश्य करावा, पण त्याची पारख करून करावा. प्रत्येक पागेत व प्रत्येक दवाखान्यात एक साधी वही ठेवावी. तीत घोडा, तारीख, यंत्र, टक्केवारी, मात्रा, घोडी आणि पुढे ती गाभण राहिली की नाही, एवढ्या नोंदी कराव्यात. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या म्हणजे आपल्या यंत्राचा कोणता आकडा आपल्या घोड्यांच्या बाबतीत खरा उपयोगी पडतो, हे त्या वहीतूनच दिसू लागेल.